तंबोरा डेड स्टॉकमध्ये

५ ऑक्टोबर, रविवार

या वर्षी दिवाळीची साफसफाई मी मोहिनीकडून काढून घेतली. दरवर्षी ती माळ्यावरून एक खोकं उतरवते, आतली एकेक वस्तू हातात घेऊन हळवी होते आणि संध्याकाळी खोकं जसंच्या तसं परत माळ्यावर जातं. घर स्वच्छ करायचं तर काळीज थोडं निबर लागतं. अंबडच्या कारखान्यात मी उभी नोकरी स्टोअरमध्ये काढली. तिथे माझा एकच नियम होता: जो माल वर्षभरात हलला नाही तो डेड स्टॉक, आणि डेड स्टॉक भंगारात. मॅनेजर लोक मला वचकून असायचे ते काही उगाच नाही.

दुपारपर्यंत माळा, बाल्कनी आणि पलंगाखालचं सगळं उरकलं. चहा घेताना नजर कॉम्प्युटरवर गेली. बाहेरून तो मी पुसला होता, पण आतलं काय? आमच्या चिरंजीवांनी, रोहितने, बंगळूरला नोकरीवर जाताना या जुन्या डब्यात लिनक्स घालून दिलं. म्हणाला, "बाबा, आता हा पळेल. आईचं सगळं लावून ठेवलंय, तुम्ही फक्त हात लावू नका." बापाला असं सांगायची नवी पद्धत निघालेली दिसते.

आत एक खिडकी उघडते, तिच्यात मशीनमध्ये भरलेल्या सगळ्या सॉफ्टवेअरची नावं दिसतात. त्यांना पॅकेज म्हणतात. मी वाचायला बसलो आणि अंगावर काटा आला. काय तो पसारा! ब्रेलचा प्रिंटर, हिब्रूचा कीबोर्ड. आमच्या इंदिरानगरात हिब्रू कोण टाइप करतंय? काढलं. मग पायथॉन नावाचा माल दोनदा दिसला, एक जुना, एक नवा. जुन्यापुढे चक्क लिहिलं होतं की याचा पुरवठा आता बंद आहे. एकाच मालाचे दोन नग आणि त्यातला एक कालबाह्य, म्हणजे स्टोअरकीपरला याहून स्पष्ट काय हवं? मशीनने विचारलं, खरंच काढू? म्हटलं, काढ बाबा.

मोहिनी चकलीच्या भाजणीचे तांदूळ धुऊन पंचावर पसरत होती. तिला सांगायला गेलो तर म्हणाली, "माझ्या तंबोऱ्याला धक्का नाही ना लावलात?"

"तो कशाला काढू? तो रोज हलणारा माल," मी म्हटलं. फार बरं वाटलं आज.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर विमलाबाईंनी दुधाचा पेला हातात असतानाच जाहीर करून टाकलं की पाडव्याच्या दिवाळी पहाटेला या वर्षी मोहिनी गाणार. विमलाबाई आमच्या सांस्कृतिक समितीच्या अध्यक्ष. समितीत दुसरं कोणी नाही. मूळच्या मालेगावच्या, आवाज असा की पार्किंगमधून बोलल्या तरी गच्चीवर माइक लागत नाही. मोहिनीने नको नको म्हणून मान हलवली, पण विमलाबाईंना नकार दिसत नाही, तशी सोय देवाने त्यांच्यात ठेवलेलीच नाही.

मोहिनी घरात रोज सकाळी रियाज करते, पण चार लोकांसमोर ती लग्नानंतर गायलेली नाही. आधी रोहित लहान होता, मग माझी आई आजारी, मग सवयच गेली. म्हणून मला काल मनापासून आनंद झाला. हे मी तिला बोललो नाही, पण दुधाचा दुसरा पेला घेतला.

काल कोजागिरीच्या तयारीत रियाज राहिला होता. आज सकाळी ती रियाजाला बसली आणि तंबोरा वाजेना.

हा तंबोरा म्हणजे रोहितची करामत. मोहिनीच्या गाण्याच्या बाई सटाण्याला होत्या. त्यांचा तंबोरा त्यांच्या लेकीकडे जाण्याआधी रोहितने त्याच्या एकेका तारेचा आवाज टिपून घेतला आणि कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम केला. बटण दाबलं की बाईंचा तंबोरा तासन् तास वाजत राहतो. मोबाइलवरचा तंबोरा तिला चालत नाही, त्यात डास गुणगुणतो म्हणते.

बटण दाबलं तर कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ आली. पायथॉन सापडत नाही. जुना पायथॉन.

"काय झालं हो?" मोहिनी म्हणाली.

"मशीन तापलं असेल," मी म्हटलं. ऑक्टोबरमध्ये हे खपून जातं.

८ ऑक्टोबर, बुधवार

जुना पायथॉन परत मागवला. भांडारात शिल्लक नाही. पुरवठा बंद म्हणजे काय हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना समजावून सांगितलं, आज मला मशीनने समजावलं.

आता तो बाहेरून कच्च्या स्वरूपात आणून घरीच बांधायचा, असं इंटरनेटवर एका सज्जनाने लिहिलंय. बांधायला घेतलं तर म्हणे आधी अमुक पॅकेज हवं. ते आणलं, तर त्याला तमुक हवं. तमुक म्हणतं, मी येईन, पण तुमच्याकडे जो बसलाय त्याच्याशेजारी बसणार नाही, त्याचा जुना भाऊ आणा. याला ते लोक डिपेंडन्सी म्हणतात. आमच्याकडे याला मानपान म्हणतात आणि त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. मोहिनीच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात थोरल्या मावशींना गाडी पाठवली नाही म्हणून मावशी आल्या नाहीत, मावशी नाहीत म्हणून त्यांचे व्याही आले नाहीत, आणि व्याह्यांकडे मंडपाची भांडी होती. ते लग्न मी निभावून नेलंय, तेव्हा हेही नेईन.

मोहिनी आज तंबोऱ्याशिवायच बसली. थोडा वेळ गायली आणि उठली. मग विमलाबाईंना फोन केला, "मशीन बिघडलंय हो, या वर्षी राहू द्या." एवढ्या वर्षांनी बाई गायला उभी राहणार होती आणि मी तिच्या पायाखालचा पाट काढून घेतला. अजून तिला खरं सांगितलेलं नाही. आधी दुरुस्त करीन, मग सांगीन.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज डोकं लढवलं. जुना का बसत नाही? कारण नवा जागा अडवून बसलाय. रॅकवर एकाच मापाचा खोका असेल तर दुसरा बसेल कसा? म्हणून आधी नवा पायथॉन काढायचा, जुना बसवायचा, मग नवा पुन्हा ठेवायचा.

काढताना मशीन कधी नव्हे ते हातापाया पडलं. नुसतं हो म्हणून ऐकेना. म्हणे एक अख्खं इंग्रजी वाक्य टाइप करा, की 'होय, मी सांगतो तसंच कर'. टाइप केलं. माझं हे वाक्य या घरात पहिल्यांदाच कोणीतरी तंतोतंत पाळलं.

पडदा काळा झाला. चित्रं गेली, खिडक्या गेल्या, बाण गेला. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत उरली.

मोहिनी पदराला हात पुसत आली, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता फटाके. तर म्हणाली, "जाऊ द्या. नसेल नशिबात," आणि इतक्या हलक्या पावलांनी आत गेली की मला जास्तच वाईट वाटलं. माझ्यासाठी दुःख गिळतेय बिचारी.

११ ऑक्टोबर, शनिवार

रोहितला फोन करावा लागला. सगळं सांगितलं.

"बाबा," तो म्हणाला, "त्या नव्या पायथॉनवर अख्खा डेस्कटॉप उभा होता."

"मग तसं बाहेर लिहून ठेवायला नको? आमच्याकडे स्फोटक मालावर लाल पट्टी असते."

"त्याने तुमच्याकडून वाक्य लिहून घेतलं ना? तीच लाल पट्टी."

पुढे सकाळभर त्याने एकेक अक्षर सांगावं आणि मी ते काळ्या पडद्यावर टाइप करावं असं चाललं. "डॅश, बाबा. एकच डॅश. आता दोन डॅश." मध्ये एकदा तो ओरडला, मग मी ओरडलो, मग दोघं चहा प्यायला उठलो, तो तिकडे, मी इकडे. दुपारी चित्रं परत आली, बाण परत आला. एवढासा बाण पाहून डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं नव्हतं.

तंबोरा मात्र अजून मुका. जुना पायथॉन एका वेगळ्या कप्प्यात बांधायचा, म्हणजे नव्याशी त्याची गाठच पडणार नाही, हे रोहितने नीट समजावलं. असं पंगतीचं गणित आधीच सांगितलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं. दिवाळीला तो येणार नाही, त्याच्या कंपनीत काहीतरी मोठं काम अडलंय. म्हणाला, "आईने गायलंच पाहिजे, बाबा. तिला सांगा मी सांगितलंय म्हणून."

१३ ऑक्टोबर, सोमवार

वाजला! तंबोरा वाजला!

कप्पा केला, त्यात जुना पायथॉन बांधला, त्याच्या मावश्या, व्याही, सगळे त्यांच्या मानाने बसवले. शेवटी सेटिंगची फाइल राहिली होती, ती माझ्याच साफसफाईत गेलेली. ती हाताने लिहिली. तारांचा वेग, पहिली तार पंचमात, आणि सूर काळी चार. काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. मोहिनीचा सा तिथला, कॉलेजात होती तेव्हापासून. लग्नात पाहुण्यांनी गायला सांगितलं तेव्हा पेटीवाल्याला तिने हेच सांगितलं होतं, माझ्या चांगलं लक्षात आहे. एका अक्षराचा फरक नाही, जसं होतं तसं करून ठेवलं.

मोहिनी बेसन भाजता भाजता झारा हातात घेऊनच दारात आली. "झालं?" म्हणाली.

"झालं म्हणजे काय, ऐक की! काळी चार!"

तिने ऐकलं. चेहरा एकदम उतरला. आनंद फार झाला की काही माणसांचा असा उतरतो. "छान झालं," म्हणाली आणि बेसन लागेल म्हणून आत गेली.

विमलाबाईंना मीच फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं भाऊ. म्हणून मी बॅनरवरचं नाव काढलंच नव्हतं."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा बंद. सकाळी मी भाजी आणायला जायच्या आधी वाजत होता. दुपारी जेवून थोडा पडलो, उठून बघतो तर सेटिंगची फाइलच नाही. रात्रंदिवस अपडेट येत असतात, त्यांनीच खाल्ली असणार. माउसवर भाजणीचं पीठ सांडलेलं होतं. चकली खात खात कॉम्प्युटरवर बसायची माझी सवय मोडायला हवी. पण चकल्या अजून तळल्या तरी कुठे आहेत? असो, पुसून घेतला.

फाइल पुन्हा लिहिली. आता पाठ झाली आहे. काळी चार.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मोहिनीला आज मी आग्रहाने बसवलं. तंबोरा सुरू केला आणि पेपर वाचतोय असं दाखवत शेजारी बसलो. थोडं गायली, खाकरली, पुन्हा सुरू केलं. वरच्या सा कडे जाता जाता थांबली. "स्पीकर कर्कश आहे," म्हणाली. स्पीकरच्या तारा काढून पुन्हा घातल्या. मग म्हणाली, दमट हवा आहे. मग म्हणाली, अनारशांचं पीठ बघायला हवं.

हल्ली गाण्याआधी ती ज्येष्ठमधाची काडी चघळते. खोकला तर दिसत नाही.

दुपारी बहिणीशी फोनवर अहिराणीत बोलत होती. मी नांदगावचा, मला सगळं कळतं. म्हणत होती, "आते पहिलेसारखं वर जास नही वं माय, धाप लागस." जिन्याबद्दल बोलत असणार. आमची लिफ्ट नेहमीच बंद असते आणि हिचे गुडघे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला पाहिजे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

आता हद्द झाली. फाइलच काय, तंबोऱ्याचा अख्खा फोल्डर गायब! मी लगेच रोहितला फोन लावला.

"कचरापेटीत बघा बाबा," तो म्हणाला.

बघितलं. फोल्डर कचरापेटीत. आणि त्याच्याखाली मंगळवारची फाइलसुद्धा!

"तिथे वेळ लिहिलेली असते. कधी टाकलाय?"

"काल दुपारी तीन. आणि ती फाइलही मंगळवारी त्याच सुमाराला."

"बाबा, तुम्ही दुपारी अजून झोपता का?"

"जेवणावर थोडा पडतो. का?"

"आणि आई?"

"तिला कुठली झोप? तिचं काही ना काही चालूच असतं."

"हं," रोहित म्हणाला. मग म्हणाला, "बाबा, आईशी जरा बोला." माझ्या झोपेचा आणि सॉफ्टवेअरचा काय संबंध? माझा अंदाज असा की हे अपडेट परदेशातून येतात, आपली दुपार म्हणजे तिकडची सकाळ, आणि तिकडचे लोक ताजेतवाने होऊन कामाला लागलेले असतात. रोहितला हे सांगितलं. तो म्हणाला, असेल.

संध्याकाळी गाय-वासराची पूजा करून विमलाबाई वर आल्या. मोहिनी पटकन म्हणाली, "बघा ना हो, मशीन सारखं बिघडतंय. भर कार्यक्रमात बंद पडलं तर हसं होईल. दुसऱ्या कोणाला तरी सांगा."

मला राहवलं नाही. विमलाबाईंसमोर शब्द दिला की पाडव्याला तंबोरा वाजणार म्हणजे वाजणार, मी स्वतः मशीन खांद्यावर घेऊन खाली येईन आणि कार्यक्रमभर त्याच्याशेजारून हलणार नाही. विमलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. मोहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू लाडवांचा डबा मी एकट्याने संपवला असावा. मी तिच्यासाठी एवढं करतोय आणि हे असं. फोल्डर परत जागेवर ठेवलाच, शिवाय एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती खिशात ठेवली. दुपारची झोप बंद.

१९ ऑक्टोबर, रविवार

आजचं नीट लिहायला हवं.

सकाळी मी मशीनपाशी पहाऱ्याला बसलो होतो. मोहिनी स्वयंपाकघरात अनारसे तळत होती आणि तळता तळता गात होती. तंबोरा नाही, काही नाही, नुसती कढईशेजारी उभी राहून. भैरव. आधी मी लक्षच दिलं नाही, आपल्या घरात पंखा फिरतो तसं तिचं गाणं चालू असतं. मग ऐकायला लागलो. कुठे अडखळणं नाही, खाकरणं नाही. सावकाश, भरून आलेला आवाज, खाली जाऊन असा टेकत होता की मी हातातला पेपर ठेवून दिला. लग्नातल्या गाण्यानंतर मी तिला असं बसून कधी ऐकलं होतं, आठवेना.

मनात आलं, हिला तंबोऱ्याची साथ मिळाली तर काय होईल. पण मोठ्याने लावला तर ती थांबेल. म्हणून एका कानात हेडफोन घातला आणि दुसरा कान स्वयंपाकघराकडे ठेवला. दोन्ही जुळेनात. कानात एक, घरात दुसरंच. अंगावर शहारा येईल इतकं वाईट.

झालं, पुन्हा बिघाड! फाइल उघडली, काळी चारच आहे. कप्पा तपासला, मावश्या तपासल्या. रोहितला फोन केला. फाइल एकेक ओळ वाचून दाखवली. तो म्हणाला, "सगळं बरोबर आहे, बाबा. पहिल्या दिवशी होतं तसंच आहे."

"अरे पण जुळत नाही ना!"

"मग दुसरं काहीतरी बदललं असेल," तो म्हणाला.

फोन ठेवला आणि बसून राहिलो. आतून मोहिनीचा आवाज येतच होता. मग फाइलमध्ये एक पट्टी खाली उतरलो, पांढरी पाच. नाही. आणखी एक खाली, काळी तीन. आणि माझ्या दोन्ही कानांत एकच सूर लागला. हेडफोन घातलाय की काढलाय ते कळेना, इतका एक.

मी मशीन दुरुस्त करत नव्हतो. मी इतके दिवस ते तिच्या जुन्या आवाजाला लावून देत होतो, आणि ती रोज त्याच्यापुढे बसून हरत होती. आणि वर मी मोठ्याने सांगत होतो, एका अक्षराचा फरक नाही म्हणून.

फार लाज वाटली. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा मी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. नवीन चष्मा, मोठा टीव्ही, पेपर बदलला. हिचा आवाज खाली आला आणि हिने घरात कोणाला कळूसुद्धा दिलं नाही. कोणाला म्हणजे मलाच. दुसरं आहे कोण?

आत जाऊन बोलावं म्हणून उठलो, पण काय बोलणार? तुझा आवाज उतरलाय, असं कोणी बायकोला सांगतं का, तेही सणासुदीला? काळी तीन लिहून फाइल ठेवून दिली. आत गेलो आणि एक अनारसा मागितला. "मोडलेला घ्या," म्हणाली. घेतला.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

दोन दिवस फराळ, लक्ष्मीपूजन, पाहुणे. मोहिनीने मशीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि मीही विषय काढला नाही. फार जड गेलं. मला पोटात काही ठेवायची सवय नाही.

आज पहाटे मशीनचा डबा घेऊन जिन्याने उतरलो. खाली पणत्या लागलेल्या, सतरंज्या घातलेल्या, लोक शाली गुंडाळून बसलेले. विमलाबाई माइकवर बोलत होत्या, त्यांना माइक कशाला लागतो देव जाणे. मी पडदा जोडला, स्पीकर जोडला. मोहिनी हिरवी पैठणी नेसून आली. माझ्याशेजारी बसली, लोकांकडे पाहून हसली आणि हसू तसंच ठेवून माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, मला नाही जमणार. मशीन बिघडलं म्हणून सांगा ना. तुमच्या पाया पडते."

तिचा हात बर्फासारखा गार होता. एका क्षणी वाटलं, सांगून टाकावं. कोणाचं काय अडलंय? घरी जाऊ, फराळ करू.

"एकदा सुरू करून तर बघू," मी म्हटलं. "नकोसं वाटलं तर मी वायर ओढतो. माझ्यावर सोड."

बटण दाबलं. बाईंचा तंबोरा लागला.

मी तिच्याकडेच बघत होतो. तिने श्वास घेतला होता, तो तसाच राहिला. मान वळवून आधी स्पीकरकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे. किती वेळ पाहिलं सांगता येत नाही. मी मान खाली घालून कीबोर्ड पुसायला लागलो, तो स्वच्छच होता. मग डोळे मिटले तिने, आणि सा लावला.

गाण्यातलं मला कळत नाही. एवढंच लिहितो की कोणी उठलं नाही, मागच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प बसली, आणि उजाडलं ते माझ्या लक्षातच आलं नाही. गाणं संपल्यावर विमलाबाई माइकजवळ गेल्या आणि बोलू शकल्या नाहीत. असं या सोसायटीत पहिल्यांदाच घडलं. मी हमसून रडलो, लोकांनी बघितलं, बघू देत.

घरी येऊन तिने मला पाटावर बसवून ओवाळलं. ताटात मी साडी ठेवली. तिने ती उघडूनही पाहिली नाही, निरांजन हातात धरून तशीच उभी राहिली.

"कधी कळलं?" म्हणाली.

"रविवारी. अनारसे तळत होतीस तेव्हा."

"बोलला नाहीत."

"तू तरी कुठे बोललीस?"

यावर ती इतकी हसली की ज्योत हलली. मी विषय बदलावा म्हणून म्हटलं, पुढच्या वर्षीसाठी रोहितला सांगून मशीनचा कायमचा बंदोबस्त करून घेतो, हे अपडेट दुपारी येऊन फार उच्छाद मांडतात, पुन्हा काही गायब झालं तर मला काही सोसायचं नाही.

"आता नाही बिघडणार," ती म्हणाली.

"हे तू कशावरून सांगतेस?"

"माझा शब्द."

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हिचा शब्द कसा काय चालतो ते मला कळलं नाही. पण कपाळावर ओलं कुंकू असताना वाद घालू नये, म्हणून मी गप्प बसलो आणि पेन ड्राइव्ह मात्र खिशातच राहू दिला.